सतरा नंबरचा शेरा

माणसांची नावं काकूंच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. रस्त्याने जाताना कुणी हात केला की त्या मनात म्हणत, दोनशे चाळीस, रहस्यकथा, पानं दुमडतो. समोरची शिंपीण म्हणजे तीनशे सहा, रडक्या कादंबऱ्या, पण परत वेळेवर. माणूस काय वाचतो आणि पुस्तक कसं परत आणतो एवढ्यावरून त्याच्या घरात काय शिजतंय ते आपल्याला कळतं, असा काकूंचा दावा होता. दहातले नऊ अंदाज बरोबर यायचे. दहाव्याबद्दल त्या बोलत नसत.

वाचनालय त्यांच्या वडिलांनी काढलेलं. खाली दोन खोल्या पुस्तकांच्या, वर दोन राहायच्या, मध्ये लोखंडी जिना. वडिलांच्या काळात सतरा नंबरचा वाचक पुस्तक बदलायला इतक्यांदा यायला लागला, की शेवटी त्यांनी त्याला जावई करून टाकलं. "निदान पुस्तकं तरी घरातच राहतील," असं ते म्हणाले म्हणे. त्या जावयाला, म्हणजे काकूंच्या नवऱ्याला, जाऊन आता सहा वर्षं झाली होती. थोरली मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. घरात उरल्या होत्या काकू आणि सोळा वर्षांचं शेंडेफळ. अकरावीत शिकणारा, मान खाली घालून जाणारा आणि मान खालीच घालून येणारा त्यांचा मुलगा.

जावयाने वाचनालयाला एक पद्धत लावून दिली होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी रेघांचा एक कागद चिकटवायचा. वाचून झालं की वाचकाने काय वाटलं ते एका ओळीत लिहायचं आणि खाली नंबर टाकायचा. नाव नाही. "नाव लिहिलं की माणूस बरं दिसेल ते लिहितो," ते म्हणायचे, "नंबर लिहिला की खरं लिहितो." कागदाचे कोपरे ते गोल कापायचे, म्हणजे डिंक सुटला तरी टोक वर येत नाही.

ते गेल्यावर त्या पद्धतीला काकूंनी आपली शेपटी जोडली. दर शनिवारी आठवड्यातला एक शेरा निवडून त्या दारातल्या फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहीत, आणि खाली लाल खडूने आपलं उत्तर. उत्तर म्हणजे टोमणा. 'नायिका फार सोसते' असं कुणी लिहिलं तर खाली लाल अक्षरांत: 'पुस्तक दोन महिने घरी ठेवलंत, आम्हीही सोसलं.' अर्धा रस्ता तो फळा वाचायला थांबायचा. दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर तर चष्मा पुसूनच यायचे. त्यांचा नंबर अठ्ठ्याऐंशी, काहीही वाचतो, औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी काकूंनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या पुस्तकं वाचत नसत. शेरे वाचत. चारशे पानं चाळण्यापेक्षा चार शेऱ्यांत काम होतं, आणि पुस्तकापेक्षा वाचणाराच जास्त गमतीचा असतो, हे त्यांचं गणित. एवढ्या वर्षांत ते कुठे अडलं नव्हतं.

मग जपानी चित्रकथा आल्या.

शाळकरी मुलींनी इतकी भुणभुण लावली की काकूंनी एक अख्खी प्रेमकथा मागवली. नाव 'खिडकीजवळचं बाक', चार भाग. ही पुस्तकं आपल्याला जे शेवटचं पान वाटतं तिथून सुरू होतात आणि उलटी पुढे जातात. काकूंना हे कोण सांगणार? त्यांनी सवयीने चारही भागांच्या मागच्या पुठ्ठ्याला शेऱ्याचे कागद चिकटवले. दुसऱ्याच आठवड्यात दोन वेण्यांची मुलगी, नंबर सहाशे बारा, तणतणत आली.

"काकू, तुम्ही कागद पहिल्याच पानावर चिकटवलाय! पुस्तक उघडलं की सगळ्यांचे शेरे. त्या पोरीचं गुपित मला गोष्ट सुरू व्हायच्या आधीच कळलं!"

"शेवटचं पान ते शेवटचं पान."

"पण ते पहिलं आहे!"

"मग शेवटून वाच. तसंही तुम्ही पोरी परीक्षेचा पेपर तसाच सोडवता."

गुपित काय, ते पोरींच्या कुजबुजीतून काकूंच्या कानावर आलंच. वर्गात एक नवी मुलगी येते, खिडकीजवळ बसते. नायक तिच्यावर भाळतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी तिच्या जुन्या शाळेतला कुणीतरी वर्गाच्या दारात उभा राहून ओरडतो, की ही मुलगी नव्हेच, हा आमच्या वर्गातला मुलगा. आणि दोन पानं भरून चित्र: सगळा वर्ग थक्क.

त्या तिसऱ्या भागावर शेरा आला. नंबर नसलेला.

'अकरा जणांची तोंडं उघडी काढलीत. तिला तोंडच काढलं नाही. मग ती बोलणार कशी?'

नंबर नाही म्हणजे नियम मोडला. नियम मोडणाऱ्याला फळा, हे ठरलेलंच. शनिवारी काकूंनी तो शेरा पांढऱ्या खडूने उतरवला आणि खाली लाल खडूने लिहिलं: 'जगाला फसवल्यावर दाखवायला तोंड उरतं कुठे? शेरा लिहिणाऱ्यालाही नसावं. म्हणून तर नंबर टाकला नाही!'

कंपाउंडर इतके हसले की त्यांना ठसका लागला. शिंपीण म्हणाली, "काकू, तुमच्या जिभेला हाड नाही."

"असतं तर एव्हाना झिजलं असतं," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

शेंडेफळ शिडीवर चढून वरच्या फळीवरची धूळ झटकत होतं. हातातलं फडकं थांबलं होतं.

"आई," ते वरूनच म्हणालं, "तू वाचलंस ते पुस्तक?"

"वाचायला कशाला हवं? शितावरून भाताची परीक्षा."

"हं," म्हणून ते खाली उतरलं, फडकं घडी करून गल्ल्यावर ठेवलं आणि जिना चढून वर गेलं. धूळ अर्धी तशीच राहिली. काकूंनी ते बघितलं. पण गिऱ्हाईक समोर असताना पोराचा रुसवा कोण मोजत बसतो?

पुढच्या गुरुवारी सहाशे बारा चौथा भाग परत घेऊन आली.

"काकू, तुम्ही सुधारलात! बघा, या वेळी कागद बरोबर ठिकाणी चिकटवलाय. खऱ्या शेवटी."

"मी? मी नाही चिकटवला."

काकूंनी पुस्तक घेतलं. त्यांचा कागद मागच्या पुठ्ठ्याला होताच, पोरींच्या बदामांनी भरलेला. पण पुढच्या पुठ्ठ्याच्या आत, जिथे ती उलटी गोष्ट खरोखर संपत होती, तिथे दुसरा कागद होता. त्यांच्याच दुकानातला, निळ्या रेघांचा. त्यावर एकच शेरा, सुटी सुटी अक्षरं काढून लिहिलेला:

'तिने केस कापले, गाव सोडलं, आणि मागे राहिलेले सगळे सुखी झाले. गोष्ट गोड झाली. मग मी कुठे जाऊ? नंबर हवा होता ना? १७.'

काकूंनी नंबर पुन्हा वाचला. सतरा. सहाशे चाळीस वाचकांत हा एकच नंबर त्यांनी पुन्हा कुणाला दिला नव्हता. वेड्यासारखं क्षणभर त्यांना खरंच वाटलं, की ते आले होते, रात्री खाली उतरून पुस्तक वाचून गेले, आणि त्यांना कुठे जावं कळत नाहीये.

"काय झालं हो वहिनी? चेहरा पांढराफटक पडलाय." कंपाउंडर वर्तमानपत्रातून डोकावले. काकूंनी पुस्तक पुढे केलं. त्यांनी वाचलं, एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून. "सतरा म्हणजे आमचे दोस्तच की! वहिनी, भुतं वाचायला लागली तर पुस्तकं परत मागायला कुठे जाल?"

एरवी या वाक्याला काकूंनी सव्याज परतफेड केली असती. आज त्यांनी नुसतं पुस्तक परत ओढून घेतलं. कंपाउंडरांचं हसू अर्ध्यावर विरलं, आणि छत्री विसरून ते निघून गेले.

मग काकूंचं डोकं चालू लागलं. भूत डिंक लावत नाही. कुणीतरी खोडसाळपणा केला आहे, आणि तो कुणी, हे आपल्याला नाही कळणार तर कुणाला? आधी सहाशे बारा: पण तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. मग शिंपिणीचा भाचा: तो वाचतच नाही, नुसती चित्रं बघतो. मग कंपाउंडर: 'मी कुठे जाऊ' असं म्हणणारा माणूस नव्हे तो, जिथे जातो तिथे बसतो. एकेकावर काट मारत त्या अर्धा रस्ता फिरून आल्या, मनातल्या मनात.

शेवटी त्यांनी कागदच नीट पाहिला. कोपरे गोल होते. एका कोपऱ्यावर पेन्सिलीची पुसट कमान राहिली होती. नाणं ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि मग कात्री लावायची, ही त्यांच्या नवऱ्याची तऱ्हा. काकू कधीच करत नसत, त्या सरळ चौकोन चिकटवत. ती तऱ्हा नवऱ्याने एकालाच शिकवली होती. गल्ल्यामागे फरशीवर बसून, जीभ बाहेर काढून, नऊ वर्षांचं पोर कागद कापायचं आणि विचारायचं, "बाबा, हा गोल झाला का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काकूंनी भर दुपारी दोन वाजता शटर अर्धं ओढलं. असं आजवर फक्त एकदा झालं होतं, सहा वर्षांपूर्वी. मग त्यांनी 'खिडकीजवळचं बाक'चे चारही भाग गल्ल्यावर मांडले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानातलं पुस्तक वाचायला घेतलं. आधी चुकीच्या बाजूने. दहा पानांनंतर कळलं, की आधी भांडण होतंय आणि मग ओळख. पुस्तक फिरवलं.

वाचताना सवयीने त्या मोजत होत्या. पहिल्या भागात ती खिडकीजवळची मुलगी तेवीस वेळा हसते. दुसऱ्या भागात तिच्याभोवती इतकी फुलं काढली आहेत की बाक दिसत नाही. ती काय लपवते आहे याचे इशारे सगळ्यांना मिळतात, तिला काय वाटतं हे कुठल्याच चौकटीत नाही. घरी एकटी असताना ती काय करते, केस कधी वाढवले, आईला काय सांगितलं, काही नाही. तिचं गुपित म्हणजे जणू फटाका, कधी फुटतो एवढंच बघायचं. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो फुटतो. काकूंनी तोंडं मोजली. अकरा. मास्तर धरून. बारावा चेहरा तिचा: कपाळ, केस, हनुवटी, आणि मध्ये कोरा कागद. ना डोळे, ना ओठ.

हाच शेरा होता. यात हसण्यासारखं काय होतं? आपण त्याच्याखाली काय लिहिलं, ते काकूंना शब्द न् शब्द आठवलं. आणि शिडीवर थांबलेलं फडकंही.

चौथ्या भागात ती मुलगी केस कापते, नायकाची माफी मागते आणि आगगाडीत बसून निघून जाते. फलाटावर नायक दुसरीचा हात धरून उभा. शेवटच्या चित्रात रिकामं बाक आणि ऊन. त्याच पानासमोर निळ्या रेघांवर: मग मी कुठे जाऊ?

हा पुस्तकावरचा शेरा नव्हता. त्यांच्याच घरातून त्यांना विचारलेला प्रश्न होता, आणि कुणीतरी जाण्याच्या तयारीत आहे असा त्याचा सूर होता. त्या जिना दोन दोन पायऱ्यांनी चढल्या. शेंडेफळाच्या खोलीत दप्तराची जागा रिकामी होती. ते कॉलेजमुळे, रोजच असते, त्यांनी स्वतःला बजावलं. तरी कपाट उघडून कपडे मोजले. सगळे होते. मग त्या पलंगावर बसून जिन्याच्या आवाजाची वाट बघत राहिल्या.

चार वाजता जिना वाजला. शेंडेफळ दारात थबकलं. आईच्या मांडीवर चौथा भाग.

"शटर अर्धं का?" ते म्हणालं. मग पुस्तक दिसलं, आणि दप्तर खांद्यावरच राहिलं.

काकूंनी दुपारभर पंधरा वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते सोळावं. "या पुस्तकांनी भरवलं का हे तुझ्या डोक्यात?"

"नाही."

"मग?"

"डोक्यात होतंच. पुस्तकांत बघितलं, की माझ्यासारखं कुणी असतं. वाईट दाखवलंय, आई. पण दाखवलंय तरी. आपल्या साडेतीन हजार पुस्तकांत दुसरं एक नाही. मी शोधलं."

"तुझ्यासारखं म्हणजे..."

"म्हणजे मी मुलगा नाहीये. मुलगी आहे. आधीपासून."

काकूंचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं. शेंडेफळ त्या उघड्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्या नजरेत काकूंना लख्ख दिसलं की पोर काय मोजतंय. बारावं. त्यांनी तोंड मिटलं. दात दातावर आपटले इतक्या जोरात.

"आधीपासून म्हणजे कधीपासून?"

"बाबांना सांगितलं तेव्हा मी दहाचा होतो."

ही दुसरी वीज. पहिली अजून अंगातून उतरली नव्हती. "बाबांना?" काकूंचा आवाज चिरकला. "त्यांना ठाऊक होतं? आणि मला एका शब्दाने...?"

"कोपरे कापत होतो तेव्हा सांगितलं. बाबांनी कात्री खाली ठेवली. मग खिशातून स्वतःचं सतरा नंबरचं कार्ड काढून मला दिलं. म्हणाले, बोलता येत नाही तोवर लिही. माझ्या नंबरावर लिही, तो खरं लिहिणाऱ्याचा नंबर आहे. आणि म्हणाले, आईला मी सांगतो, तू सांगू नकोस."

"का? मी काय वाघ होते?"

शेंडेफळाने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "म्हणाले, तिला आधी हसू येतं. मग कळतं. ते मधलं मी सांभाळतो. आणि दोन महिन्यांनी..."

दोन महिन्यांनी काय झालं ते दोघांनाही माहीत होतं.

काकू खिडकीकडे गेल्या. खाली रस्त्यावर दोनशे चाळीस चालला होता, त्याने सवयीने वर हात केला. काकूंनी नाही केला. अख्ख्या रस्त्याच्या पोटातलं ओळखणारी बाई, आणि नवऱ्याने तिला इतकं अचूक वाचून ठेवलं होतं, एका ओळीत. राग यावा असं वाटलं, पण ज्याच्यावर काढायचा तो नव्हता, आणि त्याने म्हटलं ते गेल्या शनिवारी सगळ्या रस्त्यादेखत खरं ठरलं होतं. लाल खडूत.

"तू जाणार होतास कुठे?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"थोरलीकडे. मग पुढे बघू म्हटलं."

"तिला माहीत आहे?"

"नाही. पण तिच्याकडे फळा नाही."

हे थेट वर्मी बसलं. काकू वळल्या. डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर पोराने त्यांनाच समजावत बसायचं, आणि हा व्यवहार उलटा झाला असता.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. आज दुपारी पहिलं पुस्तक वाचलंय, ते पण आधी उलटं. छातीत धडधडतंय ते अजून थांबलेलं नाही. पण केस कापून गाडीत बसायचं नाही. ते त्या पुस्तकवाल्याला सुचलं, मला नाही पटलं. कळलं?"

"हसली नाहीस," शेंडेफळ म्हणालं. खात्री करून घेतल्यासारखं.

"येत नाहीये. काय करू?"

आणि यावर ते पोर हसलं. आठवड्याने.

मग दोघं खाली आली. काकूंनी खणातून दोन कोरी कार्डं काढली. जुनं सतरा नंबरचं कार्ड शेंडेफळाने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून काढून गल्ल्यावर ठेवलं, घामाने मऊ झालेलं. काकूंनी त्याकडे बघितलं आणि परत त्याच्याच हातात दिलं. "हे तुझ्याकडेच असू दे. नवीन करते. नंबर सतराच." नंबर लिहिला. नावाच्या ओळीवर पेन थांबलं. "नाव काय घालू?"

"अजून ठरत नाहीये. ठरलं की सांगते."

काकूंनी मान डोलावली. ओळ कोरी सोडली, टोपण लावलं. "तोवर घरात शेंडेफळच?"

"तोवर चालेल."

दुसरं कार्ड काकूंनी पोरापुढे सरकवलं. "यावर लिही. सहाशे एक्केचाळीस."

"कोणाचं?"

"माझं. मालकिणीला नंबर कशाला, म्हणून घेतला नव्हता एवढी वर्षं."

शनिवारी रस्ता नेहमीसारखा फळ्यापाशी थांबला. गेल्या आठवड्याचं पांढरं-लाल पुसलेलं होतं, ओल्या फडक्याने, कोपऱ्यांपासून. त्या जागी पांढऱ्या खडूने एकच ओळ: 'खिडकीजवळचं बाक, भाग तीन. वाचायच्या आधी हसले. अकरा तोंडांत बारावं माझं. ६४१.' खाली लाल काही नव्हतं.

कंपाउंडर छत्री न्यायला आले होते. त्यांनी ओळ वाचली, चष्म्यातून आणि चष्म्यावरून. "हा सहाशे एक्केचाळीस कोण? नवा दिसतो."

"नवी आहे."

"मग टोमणा कुठाय वहिनी? एवढी आयती सापडलीय."

"बसलाय तिला," काकू म्हणाल्या. "तुमची छत्री घ्या."

शिडीवर फडकं चालू होतं. गेल्या आठवड्यात राहिलेल्या अर्ध्या फळीपर्यंत ते पोचलं होतं. काकूंनी गल्ल्याखालून पहिला भाग काढला, दुसऱ्यांदा वाचायला, आणि उघडला.

"आई," वरून आवाज आला, "परत उलटा धरलायस."